तुटक रेघ

गेटवर नोटीस चिकटवून गेले, गोंद अजून ओला.
ओंकारलाल चौकसे ती अलगद सोलून माझ्याकडे घेऊन आले.
"ताई, तुम्ही त्याच दफ्तरातल्या. वाचा,
काय म्हणून राहिलेत हे?"

म्हणून राहिलेत, की आकाशाला उतार आहे.
धावपट्टीच्या टोकापासून निघतो,
पन्नास मीटर चाललं की एक मीटर चढतो,
आणि त्याच्यावर जे डोकं काढेल ते छाटायचं.
चौकशांची पाण्याची टाकी : दोन मीटर दहा.
शमीम आपांचा कबुतरखाना : एक मीटर साठ.
कोपऱ्यावरची चिंच : सहा मीटर,
म्हणजे फांद्या नाहीत, चिंचच.

हे मागच्या वर्षीचं.
तेव्हा आम्ही टाकी उतरवून अंगणात ठेवली,
कबुतरं बेटम्याला गेली,
आणि निगमला वाटलं, ही माणसं ऐकतात.

यंदा उतार सरकून दारात आला.
धावपट्टी लांबणार, पवनपुत्र कॉलनीची एकसष्ट घरं आडवी.

सुनावणी सरकारी शाळेत, तिसरीच्या बाकांवर.
गुडघे हनुवटीला लावून बसलो सगळे.
पार्षद सकाळी आमच्यासोबत घोषणा देत होते,
दुपारी टेबलाच्या पलीकडे पाणी पीत होते.
लोकांनी पिशव्यांतून पावत्या काढल्या,
अठ्ठावीस वर्षांचा घरपट्टीचा कर,
काही इतक्या फिक्या की आकडा बोटानंच कळावा.
रामकुंवर बाई म्हणाल्या, घर चुकीच्या जागी होतं
तर कर बरोबर जागी कसा पोचला?
हॉल हसला. इंजिनिअरही हसला, मग आवरला.

पोरगाच होता. त्यानं मूळ शीट भिंतीवर दाखवली.
सन शहाऐंशी.
टेकडीच्या पायथ्याची पडीक जमीन, नाला,
आणि वरून जाणारी एक तुटक रेघ.
'प्रस्तावित विस्तार'.
त्या र-ची शेपूट मी ओळखली.
कोपऱ्यात बारीक : आरेखन, व. मो. तारे.

वसुधा मोरेश्वर. चौथ्या बाकावर, मी.

दुपारच्या चहानंतर काढली होती ती,
तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर फट.
साहेब म्हणाले, काढून ठेवा हो,
कोण येतंय बघायला.
खरंच कुणी आलं नाही.
पाच वर्षांनी इथला प्लॉट फुटामागे अकरा रुपयांनी स्वस्त निघाला.
का स्वस्त, ते मला ठाऊक होतं.
घेतला.
तुटक रेघ कधी भरते का, असं वाटलं,
आणि चार हजारात एक या प्रमाणात
एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर :
फटीत माझं स्वयंपाकघर बसत होतं.

"ताई," चौकसे वळले, "ही रेघ खरी आहे?"

खरी, म्हटलं. मीच काढलीय.
बाक करकरले, मग तेही थांबले.
उठायला वेळ लागला, गुडघा धरला होता.
म्हटलं, लिहून घ्या, पुढचंही लिहून घ्या :
याच रेघेवर ले-आउट मंजूर केल्याचा शिक्का
याच दफ्तराचा आहे.
शाई ओली होती,
मी फुंकर घालून वाळवली.
ती शीट तुमच्याकडे नसेल
तर रेकॉर्ड रूम, खिडकीकडचं कपाट, खालचा कप्पा.

इंजिनिअरनं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
पुढची तारीख पडली.

परतताना चौकसे सोबत होते, बोलले नाहीत.
नाल्याच्या पुलावर नाही, चिंचेच्या बुंध्यापाशी नाही.
माझ्या गेटपाशी थांबून त्यांनी तोंड उघडलं
आणि वरून सव्वासातचं विमान आलं.

इथे आम्ही सगळे तसेच बोलतो, रेघ आणि फट.
वाक्य अर्ध्यावर हातात धरून उभे राहतो,
आवाज गेला की तिथूनच पुढे.
मी त्यांच्या ओठांकडे बघत उभी राहिले.
चाकं दिसली, पोटाखालचा लाल दिवा दिसला.
गेलं.

"उद्या नळ सहालाच येणार," चौकसे म्हणाले.
"भरून घ्या."